साडभाऊंचं गोल दार

चीन पाहून आलेली माणसं आमच्या अमरावतीत शोधली तर पाच-पन्नास सापडतील. पण चीनच्या दिशेने परतवाड्याच्या पुढे पाऊल न टाकता अख्खा चीन तिसऱ्या मजल्यावर चढवणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मीही त्यांना साडभाऊच म्हणतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, ते यजमान. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, उंचीने वीतभर, आणि उत्साहाच्या बाबतीत मात्र पहिलीत नाव घातलेल्या पोरापेक्षाही लहान. इतर माणसांना एखादी गोष्ट आवडते. साडभाऊंना ती झपाटते. आणि ते एकटे झपाटत नाहीत, आजूबाजूच्या चार घरांना सोबत घेतात.

त्यांची सगळी नोकरी कापसात गेली. अकोल्याकडच्या जिनिंग कारखान्यांमधून, जिथे कापसातली सरकी काढतात, ते तेहतीस वर्षं कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून हलकेच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि गाडीभर मालाचं भविष्य सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी बोटांना ते कळलेलं नाही. समोर कापड आलं की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. पडदा, पांघरूण, परक्या माणसाचा शर्ट, काहीही चालतं. एका लग्नात ते नवरदेवाला आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले, आशीर्वाद राहिला बाजूला, शेरवानीची कड चिमटीत धरून मला म्हणाले, "वरून लय शाही हाय, पन अंदर धागा आखूड हाय." नवरदेवाची आई शेजारीच उभी होती. ती हे आपल्या मुलाबद्दल समजली. अक्कांना त्या बाईंची समजूत घालता घालता जेवणाची पंगत उठायची वेळ आली.

मध्यंतरी त्यांना बासरीने पछाडलं होतं. वर्षभर एकच धून वाजवली. शेवटी गल्लीत भाजी विकायला येणारा माणूस तीच धून शिळेवर वाजवत यायला लागला आणि साडभाऊंपेक्षा सुरात वाजवायला लागला, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने बासरी त्यालाच देऊन टाकली. असा हा माणूस. त्याच्या हाती निवृत्तीनंतर एक नवाकोरा, पांढऱ्या भिंतींचा, तीन खोल्यांचा फ्लॅट पडला, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

फ्लॅट अमरावतीत बडनेरा रस्त्याच्या बाजूला. चावी मिळाली त्याच दिवशी साडभाऊ माझ्याकडे आले आणि पाकिटातून एक कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर उलगडला. कुठल्याशा मासिकाचं फाडलेलं पान. घड्या पडून पडून चित्राच्या मधोमध पांढरा क्रॉस उमटला होता. फार वर्षांपूर्वी अकोल्यात दात काढायला गेले असताना तिथल्या बाकावर ते मासिक पडलं होतं. दात काढून झाल्यावर तोंडात कापूस, त्यामुळे बोलता येईना. खुणेनेच परवानगी मागून त्यांनी ते पान फाडून आणलं. चित्रात एक चिनी दिवाणखाना होता. बुटकं टेबल, दोन बैठका, लाकडी जाळी, मागे एक गोल दार आणि एका उभ्या भांड्यात एकच वाळकी फांदी. "याच्यात काय दिसून राहिलं तुमाले?" त्यांनी विचारलं. मी टेबल म्हणालो, फांदी म्हणालो, दार म्हणालो. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मोकयं दिसून राहिलं, राजेहो. एवढी मोकयी जागा म्या जन्मात नाई पाह्यली."

ते खरं होतं. अकोल्याच्या त्यांच्या भाड्याच्या घरात मी लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन खोल्यांत अकरा माणसं होती. पेटीवर पेटी, पेट्यांवर गाद्या, गाद्यांवर शाळेची दप्तरं, आणि त्या सगळ्यावर कोणीतरी झोपलेलं. साडभाऊ कापसाच्या ढिगातून घरी यायचे आणि माणसांच्या ढिगात शिरायचे. भाऊ एकेक करून आपापल्या घरी गेले, पण पेट्या तिथेच राहिल्या. आता साठी उलटल्यावर त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या भिंती मिळाल्या होत्या, आणि त्या भिंतींना टेकून काहीही ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वर्गातल्या सत्तर पोरांना आवाज न चढवता सांभाळलेली बाई. नवरा हे त्यांच्या लेखी एकाहत्तरावं पोर. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि दोनच अटी घातल्या. देवघर हलवायचं नाही आणि गॅलरीत कुरुड्या-पापड वाळवायची जागा सोडायची. बाकी चीन करा नाहीतर जपान करा. साडभाऊंना एवढं पुरेसं होतं.

सगळ्यात आधी गोल दार. बैठकीची खोली आणि आतली खोली यांच्यामधली भिंत फोडून तिथे एक पूर्ण गोल, माणूस ताठ जाऊ शकेल एवढं दार करायचं. बांधकामाच्या मिस्त्रीला हे समजावता समजावता आमची एक दुपार गेली. गोल विहीर त्याला माहीत होती, गोल खिडकीही त्याने एकदा केली होती, पण गोल दाराला कडी कुठे लावतात हा त्याचा प्रश्न होता. दाराला दारच नाही, नुसतं भोक आहे, हे कळल्यावर तो आणखीच काळजीत पडला. शेवटी ट्रॅक्टरचं मागचं चाक डोळ्यांसमोर आण आणि त्याहून हातभर मोठं कर, असं साडभाऊंनी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मग भिंतीच्या मधोमध खिळा ठोकून, त्याला सुतळी बांधून, सुतळीच्या टोकाला कोळसा लावून साडभाऊंनी स्वतः वर्तुळ काढलं. वरच्या बाजूला हात पुरेना म्हणून ते स्टुलावर, स्टूल धरायला मी, आणि मला धरायला मिस्त्री.

हातोडे पडायला लागल्यावर अर्ध्या तासात इमारतीच्या सोसायटीचे सचिव धापा टाकत वर आले. भिंत फोडायची रीतसर परवानगी होती, पण ती सरळ दाराची आहे की गोल दाराची, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. साडभाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी सचिवांना हाताला धरून त्या गोलात उभं केलं, एक पाय किंचित पुढे घ्यायला लावला, आणि मला फोटो काढायला सांगितलं. मागून उजेड येत होता. सचिवांचं पोट एरवी जरा पुढेच येतं, पण त्या गोलात ते असं शोभून दिसलं की तो फोटो त्यांनी लगेच मागून घेतला. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या नावाशेजारी झळकत होता. हरकतीचं पुढे काही झालं नाही.

भोक झालं, पण त्याला लाकडी चौकट कोण करणार? चौकट या शब्दातच चार कोन आहेत. अमरावतीतल्या तीन सुतारांनी हात जोडले. तेव्हा कोणीतरी परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या चाचांचं नाव सांगितलं आणि आम्ही दोघं बसने परतवाड्याला गेलो. चाचांनी साडभाऊंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "साहब, लकडी तो सीधीच रहती. गोल तो आपका दिमाग है." साडभाऊ खदखदून हसले, पण उठले नाहीत. बोलता बोलता निघालं की चाचांची उमर बैलगाड्यांची चाकं करण्यात गेली होती. मग गाड्यांना रबरी टायर आले, चाकं थांबली. शेवटचं लाकडी चाक त्यांनी केलं त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली होती. "म्हंजे तुमाले गोल येते," साडभाऊ म्हणाले. चाचा थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. आठ दिवसांनी ते सागाचे आठ वाकडे तुकडे गोणपाटात गुंडाळून स्वतः अमरावतीला आले. एकेक तुकडा भिंतीत बसवत गेले, आणि आठवा तुकडा खाचेत बसल्यावर त्यांनी पूर्ण गोलावरून तळहात फिरवला. हात कुठेच अडला नाही. मग पायातल्या चपला काढून ते दारातून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. साडभाऊही त्या दिवशी रात्रीपर्यंत तेच करत होते, एवढे ते खूश होते.

यानंतर घराने वेगच घेतला. मेळघाटातला बांबू आला. अचलपूरहून बैठकांसाठी जाड सुती कापड आलं. दुकानदाराच्या डोळ्यांदेखत साडभाऊंनी त्याच्या सोळा ताग्यांचे धागे ओढून पाहिले. लाल रंगासाठी आम्ही रंगाच्या दुकानात चार वेळा गेलो. यंत्रावर रंग कालवून देणारा माणूस शेवटी म्हणाला की याहून लाल फक्त मिरचीत मिळतो. तो लाल बाहेरच्या दाराला आणि आतल्या खांबाला लागला, आणि त्याचा परिणाम असा झाला की विजेचं मीटर पाहायला आलेला माणूस जिन्यातच चपला काढून, हात जोडून आत आला. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी तर दर मंगळवारी उंबऱ्याशी जास्वंदीचं फूल ठेवून जात. अक्का ते उचलून देवघरात नेत, आणि आजींना काही सांगत नसत.

चित्रातल्या उभ्या भांड्यावरून मात्र पहिला खटका उडाला. तसलं भांडं साडभाऊंना कुठेच मिळेना. ते मुंबईहून मागवायचं म्हणायला लागले तेव्हा अक्का स्वयंपाकघरातून लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन आल्या, पांढऱ्या, वरून तपकिरी, कमरेएवढ्या. "चिनीच पायजे न? मंग ह्या चिनी मातीच्याच हायत," म्हणून त्यांनी त्या गोल दाराच्या दोन्ही अंगांना ठेवल्या. साडभाऊंनी लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, आणि ते हरले. एका बरणीत वाळकी फांदी उभी राहिली. दुसरीत अक्कांनी फांदी ठेवू दिली नाही, कारण तिच्यात लोणचं होतं. आजही त्या घरात चिनी सौंदर्य पाहता पाहता मधूनच लिंबाच्या लोणच्याचा वास येतो, तो तिथूनच.

मे महिना आला आणि कूलरचा प्रश्न उभा राहिला. चित्रात कूलर नव्हता. पण चित्र काढणाऱ्याने अमरावतीचा मे पाहिलेला नव्हता. पत्र्याचा तो ढब्बू डबा खिडकीत बसला तर चीन तिथेच संपला असता. साडभाऊंनी तीन दिवस विचार केला आणि चाचांना पुन्हा बोलावून कूलरच्या तोंडावर बांबूची जाळी बसवून घेतली, वर दोन शिंगं, खाली मिश्या. मधून वाळ्याचा थंड वारा आणि अधूनमधून पाण्याचे चार थेंब फुर्र करून अंगावर यायचे. ते त्याला ड्रॅगन म्हणत. अक्कांनी नाव अजगर ठेवलं. टाकीतलं पाणी संपलं आणि आतला पंप घरघरायला लागला की त्या आतून निवांतपणे सांगत, "तुमचा अजगर पानी मांगून राहिला." लोक यायचे आणि विचारायचे, चायनाचा माल, टिकते काय. साडभाऊ या प्रश्नाने खरोखर दुखावत. लाकूड परतवाड्याचं, बांबू मेळघाटचा, कापड अचलपूरचं, बरण्या अक्कांच्या माहेरच्या; त्या घरात चीनमध्ये तयार झालेली वस्तू एकच होती, मोबाइलचा चार्जर.

त्या घराची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकली आणि तिथेच संशोधनाचं काम करत होती. बरोबरच्या एका मुलाशी तिचं जुळलं होतं. दोन्ही घरांना ते ठाऊक होतं, पण रीत म्हणून मुलाकडचे अकोल्याहून बघायला येणार होते. मुलाचे वडील वकील. कडक म्हणून त्यांचा लौकिक होता. कोर्टात समोरचा साक्षीदार त्यांच्या नुसत्या खाकरण्याने जबाब बदलतो, असं ऐकून होतो. तारीख ठरली आणि अक्का, ज्या आजवर कशाने डगमगल्या नव्हत्या, त्या डगमगल्या. माझ्या बायकोला बोलावून घेतलं, तिच्याजवळ रडल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या की आजवर मी तुमच्या मधे आली नाही, पण हे घर पाहून पाहुणे काय म्हनतीन? बसाले खुर्ची नाई. भोकातून आत जा लागते. पोरीचा बाप डोक्यानं बरा नाई असं म्हनून उठून जातीन.

 तिसऱ्या दिवशी साडभाऊंनी मला बोलावलं. गोल दारावर टांगायला ते एक पडदा घेऊन बसले होते, त्याला कड्या लावत होते. त्या पडद्याचा धागा त्यांनी तपासलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. "दारापायी पोरीचं नाई अडलं पायजे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडून सोफासेट एका दिवसासाठी मागून आणायचं ठरलं. रविवारी सकाळी सातला मी, साडभाऊ, मुख्याध्यापक आणि सचिव अशा चौघांनी तो सोफा वर चढवला. आमच्या चौघांचं वय मिळून अडीचशेच्या घरात. जिन्याच्या वळणावर सोफा असा अडकला की थोडा वेळ तो तिथेच ठेवून पाहुण्यांना जिन्यात बसवावं की काय, असं वाटायला लागलं. पण चढला. बुटकं टेबल पलंगाखाली गेलं, बैठका गॅलरीत गेल्या, ड्रॅगनवर चादर पडली, गोल दारावर पडदा आला. खोली चारचौघांसारखी दिसायला लागली. साडभाऊ सोफ्याच्या कडेवर परक्या घरी आल्यासारखे बसले.

साडेनऊला मुलगी अकोल्याच्या गाडीने आली. दारात उभी राहिली, पाठीवरची बॅगही तिने उतरवली नाही. तिने विचारलं, "बाबा, हे कोनाचं घर हाय?"  अक्का स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या, तेही अर्धंच. तेव्हा ती वडिलांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "म्या त्याले दाराचे फोटो दाखोले, चाचांचे दाखोले, कूलरचे दाखोले. तो घर पाहाले येऊन राहिला, बाबा. मले तं त्यानं पाहेलच हाय."

मी आयुष्यात पुष्कळ सामान हलवलं आहे, पण त्या दिवशी तो सोफा ज्या वेगाने खाली गेला तसं काही पुन्हा पाहिलं नाही. वर चढवायला पाऊण तास लागला होता, उतरवायला सात मिनिटं लागली. मुख्याध्यापकांच्या हाताला खरचटलं, त्यांना कळलंही नाही. मुलीने पडदा स्वतः ओढून काढला. साडभाऊ टेबलाचा एक कोपरा पदराने, म्हणजे अक्कांच्या पदराने, पुसत होते आणि अक्का पुसू देत होत्या.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, ऐंशीच्या घरातली आजी आणि वकीलसाहेब. लाल दार पाहून वकीलसाहेबांनी बाहेरच जोडे काढले. आत आले, उभे राहून सगळीकडे पाहिलं आणि खाकरले.  आजी मात्र कोणी सांगायच्या आत खाली बैठकीवर ऐसपैस मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "बरं हाय बाप्पा हे. सोफ्यावर माह्ये पाय लोंबतेत." मग वकीलसाहेबांनाही बसावं लागलं. बसले. मुलगा तर केव्हाच गोल दाराजवळ जाऊन सागाच्या सांध्यांवरून बोट फिरवत उभा होता, आणि मुलगी त्याला आठ तुकडे कुठून कुठे जुळले ते दाखवत होती. साडभाऊंनी छोट्या बिनकानाच्या वाट्यांतून बिनदुधाचा चहा दिला. वकीलसाहेबांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि खरा चहा मिळेल का, असं विचारलं. अक्का तो आधीच टाकून बसल्या होत्या. बोलणं मात्र सुरू होईना. वकीलसाहेब मोजकं विचारत, साडभाऊ त्याहून मोजकं सांगत. वीस मिनिटांत सगळं संपत आलं. वकीलसाहेब म्हणाले, बरं, निघतो आम्ही, कळवतो.

आणि उठायला गेले. उठता येईना. डावा गुडघा धरला होता. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. मी एका बाजूने, साडभाऊ दुसऱ्या बाजूने हात घातला. ते निम्मे वर आले आणि तिथूनच परत खाली बसले. ड्रॅगनने नेमका तेव्हाच एक थेंब टाकला. अक्कांनी डोळे मिटून घेतले. वकीलसाहेबांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे, म्हणजे त्या आजींकडे, ज्या तोंडाला पदर लावून हसू दाबत बसल्या होत्या, आणि मग त्यांच्या त्या कडक चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते म्हणाले, "उठता येईन तवा येईन. तवरक बोलनी उरकून घ्या."

अक्कांनी पोहे आणले. गुडघ्याला तेल लागलं, ते साडभाऊंनी स्वतः लावलं, आणि तेल लावता लावता सवयीने त्यांच्या धोतराच्या काठाला हात गेला. मी डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. साडभाऊ म्हणाले की कापूस देशी हाय, जुन्या वाणाचा, आता असा पिकत नाही. वकीलसाहेब एकदम सरळ झाले. ते धोतर त्यांच्या वडिलांचं होतं, घरच्या वावरातल्या कापसाचं, आणि ते फक्त मोठ्या कामाला नेसत असत. त्यानंतर दोघांचं जे सुरू झालं ते थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. कोणत्या गावची काळी माती, कोणता कापूस, कोणत्या वर्षी बोंडं कशी फुटली. गुडघा अर्ध्या तासात सुटला असावा, पण वकीलसाहेब चार वाजेपर्यंत उठले नाहीत. मधेच लग्नाची तारीखही ठरून गेली. ती आजींनी ठरवली. जाताना वकीलसाहेब गोल दारातून एकदा आत जाऊन आले, कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात साडभाऊंनी चाचांकडून भिंतीत एक सागाची मूठ बसवून घेतली, वयस्कर माणसांना धरून उठायला. चीनमध्येही ती असणारच, चित्रात दिसत नाही एवढंच, असं ते सांगतात.

लग्न झालं, मुलगी अकोल्याला गेली. मागच्या दिवाळीनंतर साडभाऊंच्या थोरल्या मुलाने, जो नोकरीसाठी केव्हाच पुण्याला गेला होता, त्या दोघांना तिकडे बोलावलं. सून नोकरी करते, नातू सहा महिन्यांचा, पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही. अक्का लगेच तयार झाल्या. साडभाऊंनीही नाही म्हटलं नाही. पुण्याचं घर छान आहे म्हणतात. भरलेलं आहे, खेळणी, गाड्या, धुतलेले कपडे, पाय ठेवायला जागा नाही. फोनवर साडभाऊ नातवाबद्दल इतकं भरभरून बोलतात की मला मधे शिरता येत नाही. नातू रांगायला लागला, नातवाने त्यांचा चष्मा गिळायचा प्रयत्न केला, नातवाच्या दुपट्याचा धागा किती मऊ आहे. इथल्या घराचं ते काही विचारत नाहीत. मीही आपणहून सांगत नाही.

खिडक्या उघडाव्या, झाडझूड व्हावी म्हणून दर रविवारी मी जातो. सुरुवातीला दहा मिनिटांत परत यायचो. मग पेपर बरोबर न्यायला लागलो, आणि पुढे पुढे पेपर घडी न मोडताच परत यायला लागला. मागच्या रविवारी बायको सोबत आली. तिने फरशी पुसली, बहिणीच्या देवांना पाणी घातलं, आणि मग बैठकीवर माझ्याशेजारी येऊन बसली.  ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत दाराशी गेलं. ती म्हणाली, चला, स्वयंपाक राहिला आहे घरी. मी हो म्हणालो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्याचा आवाज आला. मंगळवार नव्हता, तरी उंबऱ्याशी फूल ठेवायला थांबल्या असाव्यात, मग सावकाश परत उतरायला लागल्या. त्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.